तीळ खाल्ले, भात ठेवला

बिर्लानगर, ग्वाल्हेर
१८ मार्च २०२५

नाही गं बाई, नाही आला. फोन कटायच्या आधी तू हेच विचारत होतीस ना, कावळा शिवला का म्हणून? नाही शिवला. पावणेदोन तास आम्ही आठ माणसं मिलच्या मागच्या मैदानात आभाळाकडे तोंड करून उभी होतो, जसे काही विमानातून पाहुणे उतरणारेत. तुझे काका जिवंत होते तेव्हा कधी हाकेसरशी जेवायला आले नाहीत, तर वर्षश्राद्धाला कुठून येणार?

फोनवर तुला अर्धं ऐकू येतं, अर्धं वाऱ्यात जातं, म्हणून लिहिते. तुझ्या त्या माळावर पोस्टमन येतो हे एक बरं आहे. गावच्या शाळेतली सातवी पास बाई आहे मी, अक्षराला हसायचं नाही.

तर ऐक. पत्रावळीवर पिंड ठेवला, काळे तीळ घातलेला. सगळे लांब सरलो. कावळा येईना म्हटल्यावर उषाताई पुढे झाल्या. तुझी आत्या तुला माहीतच आहे, थाटीपूरहून निघतानाच चेहरा पाडून निघते. हात जोडून म्हणाल्या, "दादा, तुझ्या बायकोला मी सांभाळीन." मी म्हटलं, "ताई, असं सांगितलंत तर ते घाबरून आणखीच लांब जातील." भटजी खाली बघून हसले. मग त्यांचा अपूर्व पुढे झाला. "मामा, तंबाखू सोडतो." कावळा नाही. "सिगरेटपण सोडतो, मामा." तरी नाही. उषाताईंना तोवर सिगरेटचं माहीतच नव्हतं, तेव्हा तिथे दुसरंच श्राद्ध सुरू झालं.

आणि त्या गडबडीत एक पाखरू आलं, चिमणीहून लहान. उडत नाही आलं, पळत आलं. उंदरासारखं, थोडं पळायचं, थांबायचं, परत पळायचं. पोट काळंभोर, जसं तव्यावर बसून आलंय, आणि डोक्यावर राखाडी टोपी. थेट पत्रावळीवर चढलं आणि एकेक तीळ टिपायला लागलं. उषाताई हाड हाड करत गेल्या तर जमिनीला असं चिकटलं की दिसेचना. त्या मागे सरल्या की उठून पुन्हा तीळ. सगळे तीळ खाल्ले, भात तसाच ठेवला, आणि गेलं.

मला हसू आलं. खरंच आलं, काय करू? शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला, तो शिववला आणि दुसऱ्या घरी पळाले. उषाताई तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. त्यांचं म्हणणं, दादाचा जीव कशात तरी अडकलाय.

आता तू पाखरांची मास्तरीण. सांग, हे कोण होतं? भात का खात नाही? आणि ह्याने खाल्लेलं तुझ्या काकांना पोचतं, की रस्त्यातच जिरतं?

तुझी काकू
मधु
(ह्या नावाने हाक मारणारं आता कुणी राहिलं नाही, म्हणून आपलं आपणच लिहिते.)


मुक्काम माळ, जि. सोलापूर
२७ मार्च

काकू,

अपूर्वदादाच्या सिगरेटवर इतकी हसले की शेजारच्या खोलीतून लोक बघायला आले.

तुझा पाहुणा म्हणजे डोंबारी, चंडोलाच्या जातीतला. काळ्या पोटाचा तो नर. मादी मातकट असते, जवळच असेल, पण मातीत माती, तुम्हाला दिसली नसेल. त्यांचं खाणं म्हणजे गवताचं बी, सांडलेलं धान्य आणि वर किडेमुंग्या. तीळ म्हणजे त्याला लग्नाचं जेवण. शिजवलेला भात त्याच्या ओळखीचाच नाही. झाडावर बसत नाहीत हे, दाट सावली नको, उंच गवत नको. उघडी, खडबडीत, कुणालाच नको असलेली जमीन लागते. लोक जिला पडीक म्हणतात ना, तिच्यात ह्यांचा संसार. मी इथे दिवसभर हेच करते. असल्या लहान पाखरांची जमिनीवरची घरटी शोधायची, मोजायची, किती पिल्लं वाचली ते लिहायचं.

तुझ्या मैदानात जोडी असेल तर घरटंही होईल. शोध ना. पण सापडलं तर सरळ चालत जाऊ नकोस आणि तिथे थांबू नकोस. कावळे माणसावर लक्ष ठेवून असतात. माणूस जिथे वाकून बघतो तिथे मागून कावळा जातो आणि अंडी संपवतो.

आता दुसरं. उषाआत्याचा फोन आला होता. ती म्हणाली, दादाचा जीव माझ्यावरच्या रागात अडकलाय, आणखी कशात असणार?

तीन वर्षांपूर्वी काकांनी माझ्यासाठी थाटीपूरच्या शाळेत नोकरी बघून ठेवली आणि मी इकडे निघून आले. ते म्हणाले, पक्षी मोजून पोट भरतं का? आणि मी काय म्हटलं ते तू ऐकलंस, तू दारातच होतीस. "तुम्ही माझे वडील नाही." आईबाबा गेल्यावर ज्यांनी मला सहा वर्षांची असताना घरी आणलं त्यांना म्हटलं मी हे. त्यानंतर आम्ही बोललो नाही.

काका अकरा दिवस अंथरुणावर होते. मला तुझा फोन आला तेव्हा ते जाऊन दोन तास झाले होते. उषाआत्याही तेव्हा तिच्या मुलीकडे, विनिताताईकडे, इंदूरला होती, म्हणजे घरात फक्त तू आणि ते. मला आधी कळवलं नाहीस त्याला कारण असणार. तेव्हा विचारायची हिंमत झाली नाही, आता विचारते. त्यांनीच नको म्हटलं होतं ना? काका माझ्यावर रागावून गेले का?

खरं सांग.

सीमू


बिर्लानगर
१४ एप्रिल

सीमू,

सापडलं! तुझ्या ऑफिसात बक्षीस असेल तर पाठव. नऊ दिवस पाण्याच्या टंकीच्या पायरीवर छत्री घेऊन बसले होते. शेजारची शांताताई विचारायला आली, "वहिनी, कुणाची वाट बघताय रोज?" मी म्हटलं, "डोंबाऱ्याची." तिने घरी जाऊन काय सांगितलं असेल ते तूच समज.

तो नर सुखाने बसू देत नाही बाई. सरळ वर जातो, आणि मग पंख मिटून दगडासारखा खाली. पहिल्यांदा मी "मेला गं!" म्हणून उभीच राहिले. तर जमीन हातभर राहिली की परत वर, परत खाली, आणि वर शीळ घालतो मेला. तुझे काका आमच्या गावी मला बघायला आले होते तेव्हा मामाची सायकल घेऊन, हात सोडून, आमच्या दारावरून गेले होते. तिसऱ्या फेरीला ओढ्यात पडले. हा पडत नाही, एवढाच फरक.

घरटं म्हणजे काय तर म्हशीच्या खुराचा वाळलेला ठसा, विटेच्या तुकड्याच्या आडोशाला. आत बारीक गवत आणि थोडे केस. पांढरे आहेत, मतलब माझेच असतील, मी तिथेच बसून वेणी घालते. आणि काठाला बारीक खडे मांडलेत, रांगोळीला काठ काढावा तसे. आत दोन अंडी. चिंचोक्याहून जराशी मोठी, पांढुरकी, वर कुणी चहा शिंपडल्यासारखे ठिपके.

तू सांगितलंस तसंच केलं. सरळ गेले नाही, वळसा घेतला. मधे दोन ठिकाणी उगीच वाकून गोवऱ्या वेचल्याचं नाटक केलं आणि घरट्यावरून न थांबता पुढे गेले. कावळ्याने बघितलं असेल तरी त्याला वाटलं असेल, बिचारी, गॅस संपला असेल.

आणि काय सांगू, नरपण बसतो गं अंड्यांवर! ती उठली की हा बसतो, हा उठला की ती. दुपारी ऊन असं की विटेला हात लावला तर चटका, तरी चोच उघडी टाकून बसून राहतात, अंड्यांवर सावली धरून. मी बघतच राहिले. तुझ्या काकांना "दुधाकडे बघा" म्हटलं तर ते उभे राहून दूध उतू जाताना बघायचे.

तू आणखी काहीतरी विचारलं होतंस. राग बिग. अगं, त्यांचा राग म्हणजे इंदरगंज चौकातली गर्दी. सकाळी आहे, दुपारी आहे, संध्याकाळी आहे, कोण मनावर घेतं? चष्म्याच्या दुकानात होते तेव्हा गिऱ्हाइकाला अक्षरं वाचता आली नाहीत तर अक्षरांच्या पाटीवर रागवायचे. सोड ते.

हे सांग, पिल्लं झाली की त्यांना मी तीळ टाकू का? घरात अर्धा किलो उरलेत.

काकू


मुक्काम माळ
२२ एप्रिल

काकू,

तीळ टाकू नकोस. काहीच टाकू नकोस. मोठे डोंबारी बी खातात, पण पिल्लांना मऊ किडाच लागतो. नाकतोड्याचं पोर, अळी, कोळी. आईबाप दिवसभर तेच आणतात. तू वरून दाणे टाकलेस तर दाण्याला कावळा येईल, मुंगूस येईल, आणि दाण्यावरून पिल्लांवर जाईल. प्रेम लांबून कर.

अंडी साधारण तेरा-चौदा दिवसांत फुटतात. तारीख लिहून ठेव. तुझी दोन्ही पानं मी माझ्या वहीला टाचलीत. इथल्या आमच्या साहेबांनी वाचली, म्हणाले, ह्या बाईंना कामावर घ्या.

पण दोन पानं तू डोंबाऱ्यावर लिहिलीस आणि माझ्या प्रश्नाला इंदरगंज चौक.

काकू, माळावर काही पाखरं अशी आहेत, घरट्याजवळ कुणी गेलं की पंख मोडल्यासारखा ओढत, लंगडत दुसरीकडे पळतात. बघणारा फसतो, त्यांच्या मागे जातो, घरटं राहतं. मी सुरुवातीला फसायचे. आता फसत नाही. जिथून लंगडायला सुरुवात झाली तिथेच खाली बघते.

तू लंगडतेयस.

तू सांगत नाहीस म्हणजे उत्तर तेच आहे, हे मला कळलं. मला वाईट वाटू नये म्हणून गप्प आहेस. म्हणून मी एक ठरवलंय. उषाआत्या अक्षयतृतीयेला पितरांचं पान ठेवणार आहे, त्याच मैदानात. तिने विचारलं, तू परत येतेस असं मी दादाला तिथे मोठ्याने सांगू का? मी म्हटलं, सांग. थाटीपूरच्या त्या शाळेत जूनपासून जागा आहे. शिकवायला येतं मला. संध्याकाळी तुझ्याबरोबर टंकीच्या पायरीवर बसेन.

काकांना जे हवं होतं ते त्यांच्या हयातीत केलं नाही, निदान आता करते.

तुला आनंद होईल ना?

सीमू


बिर्लानगर
१ मे

सीमू,

तुझ्या आत्याने माझ्याशी बोलणं पुन्हा बंद केलंय. ह्या वेळी माझी चूक आहे. ऐक.

अंडी २५ तारखेला फुटली. दोन पिल्लं. आधी मला वाटलं वाळक्या गवताचा बोळा पडलाय, मग बोळ्याने तोंड उघडलं. आईबाप आळीपाळीने नाकतोडे आणतात. सरळ घरट्यात उतरत नाहीत, लबाड. लांब उतरायचं, इकडे तिकडे बघायचं, टिपल्यासारखं करायचं, आणि मग चुपचाप पळत पळत आत. आमच्या चाळीत एक बाई होती, माहेराहून आणलेला डबा असाच घरात न्यायची.

तर काल अक्षयतृतीया. मी उषाताईंना हजारदा म्हटलं, पान माझ्या छतावर ठेवू. नाही. जिथे शिवला नाही तिथेच शिवला पाहिजे. खीर, पुरी, आमरस, वडे, आणि पाण्याने भरलेली मातीची केळी, सगळं घेऊन आल्या. पान ठेवलं कुठे? घरट्यापासून दहा पावलांवर! मी म्हटलं, "ताई, जरा सरकवा." म्हणाल्या, "मधु, आज तू एक शब्द बोलायचा नाही." बघ, नावाने हाक मारली, तीपण रागात.

मग हात जोडून मोठ्याने म्हणाल्या, "दादा, सीमंतिनी परत येतेय. शाळेत नोकरी धरतेय. आता तरी राग सोड."

आणि कावळे आले. एक नाही, चार. एवढ्या वासाला येणारच की. एक पुरी घेऊन उडाला, पुरी निसटली आणि पडली ती विटेच्या तुकड्याजवळ. आणि तो टुणटुण करत तिकडे निघाला. तिकडे मादी पिल्लांवर पसरून बसलेली, हलत नाही, श्वास घेत नाही. मला पुढचं आठवत नाही. शांताताई सांगते, मी छत्री उलटी धरून "व्हय रं मुडद्या!" म्हणून गावाकडची शिवी देत धावले. चप्पल फेकली. चारही कावळे गेले. पानाला एकानेपण नीट चोच लावली नव्हती.

उषाताई म्हणाल्या, "दादा आला होता. आणि तू त्याला चप्पल मारलीस."

मी म्हटलं, "ते समजून घेतील. सवय आहे त्यांना."

अपूर्व इतका हसला की त्याला ठसका लागला, आणि ठसक्यावरून कळलं की सिगरेट सुटलेली नाही.

पिल्लं ठीक आहेत. मादी ठीक आहे. नराने तर दुसऱ्या मिनिटाला नाकतोडा आणला, जसं काही झालंच नाही.

तू येणार. उषाताईंनी पेढे वाटले. आनंद झाला का विचारतेस? झाला गं, खोटं कशाला सांगू. कपाटातला तुझा कप्पा रिकामा केला. कूलरला नवीन खस बसवून घेतली. एकटीसाठी सब्जी किती चिरावी हे मला वर्षभरात जमलेलं नाही, रोज उरते. आता उरणार नाही.

पण मग तिकडची घरटी कोण मोजणार? तुझे ते साहेब काय म्हणाले?

काकू


मुक्काम माळ
११ मे

काकू,

तू चप्पल फेकलीस ते वाचून हसले, आणि मग किती तरी वेळ रडले. ती मादी श्वास धरून बसली असेल ते मला इथून दिसलं.

मी राजीनामा दिला. साहेबांनी अजून पुढे पाठवलेला नाही. म्हणाले, महिनाअखेरपर्यंत टेबलावर ठेवतो, विचार कर. मी म्हटलं, विचार झालाय. माझ्या वह्या दुसऱ्या कुणाला देण्यासाठी नीट लावतेय. तीन वर्षांत चारशे बारा घरटी. कुठली पाण्यात गेली, कुठली मेंढरांच्या पायाखाली, कुठली वाचली, सगळं लिहिलंय.

काल दुपारी तीन वाजता माळावर होते. सावली कुठेच नाही. एक कुंपणाचा सिमेंटचा खांब आहे, त्याची मनगटाएवढी सावली पडलेली. त्या सावलीत पाच डोंबारी एका ओळीत, एकामागे एक उभे. सावली सरकली की पाचही जण जरासे सरकायचे. तासभर बघत बसले. असं दृश्य थाटीपूरला दिसणार नाही, हे मला माहीत आहे.

पण मला दुसरं काही सुचत नाही, काकू. माणूस आपल्यावर रागावून गेला आणि आपण त्याला एकदाही सॉरी म्हणू शकलो नाही, हे घेऊन मी माळावर फिरते तेव्हा घरटी दिसेनाशी होतात. गेल्या महिन्यात माझा पाय एका घरट्यावर पडला. तीन वर्षांत पहिल्यांदा. तेव्हा कळलं की आता थांबायला हवं.

२ जूनचं तिकीट काढते. आता पत्र पाठवू नकोस, मीच येते.

सीमू


बिर्लानगर
१९ मे, स्पीड पोस्टाने

सीमू,

पाठवू नकोस म्हटलंस तरी पाठवते. चार पत्रं लिहून फाडली, हे पाचवं. फोनवर सांगायला गेले तर मी काहीतरी चेष्टा करीन आणि विषय निघून जाईल. मला माझी सवय माहीत आहे.

आधी पिल्लांचं. चौथ्या तारखेला सकाळी बघते तर ठसा रिकामा. मग दिसलं, विटेपासून पंधरा पावलांवर दोघं ढेकळाच्या आडोशाला. उडता येत नाही, पण पळत होती! आता उडतात. आईच्या मागे पळून नाकतोडा मागतात, एवढी घोडी झाली तरी. तुझ्या वहीत लिही, दोन अंडी, दोन पिल्लं, दोन्ही वाचली. चारशे तेरावं.

आता साहेबांना जाऊन सांग, राजीनामा फाडा. आज सांग. हे पत्र पुरं वाचायच्या आधी सांगितलंस तरी चालेल. कारण पुढचं वाचून तू माझ्यावर इतकी चिडशील की मग माझं काहीच ऐकायची नाहीस.

तुझे काका रागावून गेले नाहीत.

तू गेलीस त्या दिवशी रागावले होते. त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुकानातून येताना पाखरांचं एक पुस्तक घेऊन आले, हिंदीतलं, चित्रांचं, आणि मला म्हणाले, "सीमूला कळवू नकोस." लोखंडी कपाटाच्या वर ठेवलंय. त्यांना चंडोल आणि चिमणीतला फरक शेवटपर्यंत कळला नाही, पण रोज उघडून बसायचे.

अंथरुणाला लागले त्याच्या पहिल्याच दिवशी म्हणाले, "सीमूला बोलव." मी फोन हातात घेतला होता. खरंच घेतला होता. तेवढ्यात शांताताई आली. ती चांगल्या मनाने म्हणाली, "वहिनी, ह्यांचा जीव कुणात तरी गुंतलाय. माझ्या सासऱ्यांचं असंच झालं. मुलगा मुंबईहून येईपर्यंत थांबले, त्याने पाणी पाजलं आणि गेले. ह्यांना कुणाला भेटायचं असेल तर बोलवा, सुटतील बिचारे."

मी फोन खाली ठेवला.

मला त्यातलं एकच समजलं. तू आलीस की हे जाणार. नाही आलीस तर थांबतील. त्रेचाळीस वर्षं ह्या माणसाला मी चिडवत आले गं. मला त्यांना सोडायचं नव्हतं.

त्यांना सांगितलं, फोन केला, निघाली, गाडीत बसली. ते रोज विचारायचे, "कुठे पोचली?" पहिल्या दिवशी सोलापूर सोडलं म्हटलं. मनमाडला गाडी दोन दिवस ठेवली. भुसावळला इंजिन बिघडवलं. इटारसीला रुळावर पाणी आणलं, मार्च महिन्यात. ते म्हणायचे, "ह्या गाडीत बसून पोरगी म्हातारी होईल." मी हसायचे. त्यांना कळलं होतं की नाही, मला माहीत नाही. एकदा म्हणाले, "तिला डब्यात खायला मिळत असेल ना?" भोपाळला तुला जेवू घातलं. बीना आलं. झाशीला आणायची मला भीती वाटत होती, कारण झाशीनंतर काय उरतं? दतिया आणि डबरा. तरी अकराव्या दिवशी सकाळी त्यांनी डोळे उघडून विचारलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "डबऱ्याला उभी आहे, सिग्नल मिळत नाही." ते म्हणाले, "मग आलीच की," आणि मला म्हणाले, "मधु, मला उशी लावून बसव, पोर आल्यावर आडवा दिसायला नको." मी बसवलं. तसे बसलेलेच गेले.

ते तुझी वाट बघत होते, सीमू. त्यांनी कधी नको म्हटलं नव्हतं. अकरा दिवसांत मी तुला एकदाही फोन केला नाही.